घरचं फिटरकाम: पहिला पॅरलल क्लॅम्प

छंद म्हणून लोखंडकाम सुरू करणारा माणूस बहुतेक वेळा आधी मशीन घेतो. एक ग्राइंडर, एक हँड ड्रिल आणि बिटांचा मोठा डबा घरी येतो. दोन-तीन जॉब (करायला घेतलेल्या वस्तू) वाकडेतिकडे झाले की तो डबा माळ्यावर जातो. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवत होतो. आता सांगलीत घरामागच्या शेडमध्ये रविवारी काही जण शिकायला येतात: घरून काम करणारा एक सॉफ्टवेअरवाला, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, गल्लीतली नववीतली एक मुलगी आणि तिचा मामा. त्यांना मी सुरुवातीला विजेवर चालणाऱ्या कशालाही हात लावू देत नाही. हाताने काम करताना चूक सावकाश होते आणि तिची खूण धातूवर राहते. ती खूण वाचायला आली की मशीन शिकायला फार वेळ लागत नाही.

खाली जो जॉब सांगतो आहे तो पॅरलल क्लॅम्प, म्हणजे दोन समांतर जबड्यांत माल घट्ट धरून ठेवणारं छोटं साधन. बारा मिलिमीटरच्या चौकोनी बारचे पंचाहत्तर मिलिमीटर लांबीचे दोन जबडे आणि एम ६ चे, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीचे, दोन स्क्रू. एवढ्याशा वस्तूत कापणं, कानस मारणं, आखणी, ड्रिल आणि आटे पाडणं हे सगळं येतं, आणि तयार झाल्यावर तो पुढची कित्येक वर्षं बाकावर कामाला येतो. शोभेची वस्तू करून कपाटात ठेवण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

माल आणि हत्यारं

पहिली गफलत मालातच होते. घराचं बांधकाम झालेलं असलं की उरलेल्या सळया फुकट मिळतात आणि माणूस त्यांच्यावरच कानस मारायला बसतो. टीएमटी सळई कारखान्यात गरम असतानाच वरून पाण्याने थंड केलेली असते, त्यामुळे तिची बाहेरची साल आतल्या गाभ्यापेक्षा कडक असते. फॅब्रिकेशनच्या दुकानातली काळी पट्टीही सुरुवातीला नको. तिच्यावरची काळी पपडी नव्या कानशीचे दात खाते. ती वापरायचीच असेल तर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, पपडी सैल होते, मग धुऊन लगेच कोरडी करा. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या जातीचं स्टेनलेसही बाजूला ठेवा. त्यावर बिट नुसतं घासत राहिलं की ती जागा आणखी कडक होत जाते.

आणायचा तो एमएसचा (माइल्ड स्टील, साधं मऊ लोखंड) ब्राइट बार, म्हणजे पपडी नसलेला चकचकीत बार, चौकोनी, १२ मिमी, साधारण ३०० मिमी लांब. दुकानात ‘चार सुती’ म्हणू नका. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी, पण सळईच्या बाजारात १२ मिमीलाही चार सूतच म्हणतात. मिलिमीटरमध्ये सांगा आणि व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावून बघूनच पैसे द्या. स्क्रू एम ६, ६० मिमी लांब, हेक्स डोक्याचे आणि ‘फुल थ्रेड’ हवेत. पुष्कळ जण अर्ध्या लांबीपर्यंतच आटे असलेले बोल्ट घेऊन येतात आणि क्लॅम्प मिटताना अडकतो.

आमच्याकडची माणसं हत्यारांसाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात जातात. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीट ही ठिकाणं. यादी छोटीच आहे: बाकाला बोल्टने पक्का बसणारा व्हाइस (माल धरायचा शिकंजा), हॅकसॉ (लोखंड कापायची करवत), दहा इंची फ्लॅट बास्टर्ड (भरड दातांची) कानस, आठ इंची स्मूथ (बारीक दातांची) कानस, चार इंची गुण्या (काटकोन तपासायचा), स्टीलची पट्टी, स्क्राइबर (धातूवर रेघ मारायची टोकदार सळई), सेंटर पंच (भोकाच्या जागी ठिपका ठोकायचा), बॉलपीन हातोडी, एम ६ च्या हँड टॅपचा (भोकात आटे पाडायच्या हत्यारांचा) संच आणि टॅप फिरवायचा हँडल. गुण्यावर पैसे वाचवू नका. खोट्या गुण्याने तपासलेलं सगळं काम खोटं होतं. गुण्या दुकानातच तपासता येतो. सरळ कडेच्या फळीला टेकवून एक रेघ मारा, गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा, फाकल्या तर परत द्या.

व्हाइसची उंची जबड्याचा वरचा भाग तुमच्या कोपराच्या पातळीत येईल इतकी ठेवा. जेवणाच्या टेबलाला व्हाइस लावून काम करणाऱ्यांची कंबर धरते आणि कानसही डुलते.

कापणं

हॅकसॉच्या पात्याचे दात मुठीपासून लांब, पुढच्या दिशेला असावेत. करवत पुढे जाताना कापते, मागे येताना नुसती हलकी आणायची. पात्यावर दर इंचाला किती दात ते लिहिलेलं असतं. या बारला २४ चं पातं घ्या. निदान तीन दात एका वेळी मालावर टेकलेले असावे लागतात. एक मिलिमीटरच्या पत्र्यावर १८ चं पातं चालवलं की दात अडकून तुटतात, ते याच कारणाने.

बारचे ७७ मिमीचे दोन तुकडे कापा. दोन मिलिमीटर कानशीसाठी. उरलेला तुकडा सरावाला ठेवा. मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्या पुरेत, आणि पात्याची सगळी लांबी वापरा. नवशिके मधल्या चार बोटांएवढ्या भागावर भराभर घासत राहतात. तेवढेच दात बोथट होतात आणि बाकीचं पातं कोरं राहतं. काप तिरका जात असेल तर आधी पात्याचा ताण बघा. तो ठीक असेल तर पात्याच्या एका बाजूचे दात झिजलेले असतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अर्ध्या कापात पातं तुटलं तर नवं पातं त्याच खाचेत घालू नका. झिजलेल्या पात्याची खाच अरुंद असते, नवं पातं तिच्यात आवळून बसतं आणि तेही तुटतं. बार फिरवून पलीकडच्या बाजूने काप सुरू करा.

कानस

इथे थांबायचं. माझ्याकडे येणाऱ्यांचा सगळ्यांत जास्त वेळ इथेच जातो आणि तो तसाच जावा असं मला वाटतं.

सरावाचा तुकडा व्हाइसमध्ये धरा, जबड्याच्या वर जेमतेम पाच-सहा मिलिमीटर राहू द्या. जास्त वर राहिला तर तो थरथरतो, कानस किंचाळते आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. व्हाइसच्या जबड्यांचे दात मालावर उमटू नयेत म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीचे दोन तुकडे वाकवून मध्ये घाला. कानशीला मूठ बसवल्याशिवाय ती हातात घेऊ नका. मागचं टोकदार शेपूट तळहातात घुसतं आणि ती जखम खोल असते.

डावा पाय पुढे. उजव्या हातात मूठ, डाव्या तळव्याने कानशीचं टोक. आता दहा-बारा वेळा कानस मारा आणि थांबा. उजेडाकडे तोंड करून तुकड्यावर गुण्याचं पातं उभं ठेवा. मधे टेकेल आणि दोन्ही कडांशी उजेड दिसेल. आमच्याकडे याला ‘पोट आलं’ म्हणतात. सगळ्यांना येतं. कारण साधं आहे. कानस पुढे सरकते तसा तिचा मालापुढचा भाग लांबतो आणि मागचा आखूड होतो. दोन्ही हातांचा दाब सारखाच ठेवला तर सुरुवातीला मागची कड दाबली जाते, शेवटी पुढची. म्हणून दाब बदलत न्यायचा: सुरुवातीला डाव्या हाताचा जास्त, मधे दोन्हींचा सारखा, शेवटाला उजव्याचा. मागे आणताना अजिबात दाब नको. त्या वेळी दात कापत नाहीत, उलट घासून मरतात.

पोट घालवायची युक्ती रेघांमध्ये आहे. डावीकडून पंचेचाळीस अंशात तिरकी कानस मारा, सगळा पृष्ठभाग एका दिशेच्या रेघांनी भरेल. मग बाजू बदलून उलट तिरकी मारा. दोन-तीन फेऱ्यांनंतर नव्या दिशेच्या रेघा जिथे उमटल्या तो उंचवटा, जिथे जुन्याच राहिल्या तो खड्डा. उंचवट्यावरच मारत राहा. नववीतल्या मुलीने हे एकदा पाहिलं आणि मला न विचारता तुकडा उजेडात तिरपा धरून रेघा वाचायला लागली. बँकवाले गृहस्थ अजून गुण्यावरच विसंबतात. दोन्ही चालतं, पण रेघा वाचणाऱ्याचं काम लवकर उरकतं.

मधेच एखादा खोल ओरखडा उठला तर कानस उलटी करून बघा. दातांच्या मध्ये लोखंडाचा कण घट्ट बसलेला असेल. तारेच्या ब्रशने दातांच्या ओळीच्या दिशेने झाडा. तरी निघाला नाही तर पितळेच्या पट्टीची कड त्या ओळीतून ढकला. स्मूथ कानशीवर आधी साधा खडू घासून ठेवला की कण कमी अडकतात. कानस बाकावर आपटून साफ करू नका, ती काचेसारखी ठिसूळ असते. आणि कानस मारलेल्या जागेवर तळहात फिरवायची सवय सोडा. हाताचा तेलकटपणा तिथे बसतो, पुढच्या वेळी कानस घसरते, आणि पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी तिथेच बोटांचे ठसे गंजून वर येतात. कीस तोंडाने फुंकायचा नाही. डोळ्यात जातो. ब्रशने झाडा.

कानशी एकमेकींवर टाकून डब्यात ठेवल्या तर एकमेकींचे दात मोडतात. भिंतीवर खिळ्यांना टांगा.

सरावाचा तुकडा गुण्यात आला की जबड्यांकडे वळा. दोन्ही तुकडे एकत्र धरून टोकं कानशीने काटकोनात आणि ७५ मिमीवर आणा. कडेने मारताना समोरची धार तुटू नये म्हणून दोन्ही बाजूंनी मध्याकडे मारत या.

आखणी

चकचकीत बारवर स्क्राइबरची रेघ दिसत नाही. मोरचूद आणा. तासगावच्या द्राक्षबागांसाठी बोर्डो मिश्रणात तेच वापरतात, त्यामुळे आमच्याकडे खतं-औषधांच्या दुकानात सहज मिळतं. अर्ध्या वाटी पाण्यात चमचाभर विरघळवा, तेल पुसलेल्या बारवर बोळ्याने लावा. लोखंडावर तांब्याचा पातळ लालसर थर बसतो आणि त्यावर रेघ पांढरी, केसासारखी बारीक उठते. जिथे थर धरला नाही तिथे तेल राहिलं आहे असं समजा. मोरचूद विषारी आहे. वाटी स्वयंपाकघरात परत नेऊ नका, बाटलीवर नाव लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, आणि रेघा मारून झाल्यावर जॉब धुऊन तेल लावा, नाहीतर गंज धरतो.

प्रत्येक जबड्यावर रुंदीच्या बरोबर मधून एक लांब रेघ. तिच्यावर मागच्या टोकापासून १० मिमीला एक आडवी रेघ आणि ३७ मिमीला दुसरी. दोन्ही जबड्यांच्या मागच्या टोकांवर पंचाने एकेक ठिपका द्या, म्हणजे पुढे उलटसुलट होणार नाहीत. रेघ एकदाच मारायची. दोन-तीनदा गिरवली की तिची जाडी वाढते आणि मध्य कुठला ते कळत नाही. छेदबिंदूवर पंचाचं टोक टेकवा, आधी हलका ठोका, भिंगातून बघा, मगच जोराचा. ठिपका सरकला असेल तर पंच तिरका धरून त्याला ओढून आणता येतं, पण फक्त हलक्या ठोक्यानंतर.

भोकं आणि आटे

एका जबड्यात दोन्ही भोकांना एम ६ चे आटे. दुसऱ्यात मधलं भोक ६.५ मिमीचं आरपार, आणि मागच्या जागी ६.५ मिमीचाच पण तीन-चार मिलिमीटर खोल खळगा. मधला स्क्रू मोकळ्या भोकातून जाऊन समोरच्या आट्यात बसतो आणि जबडे जवळ ओढतो. मागचा स्क्रू आटे असलेल्या जबड्यातून येऊन त्या खळग्यात टेकतो आणि मागची टोकं फाकवतो, त्यामुळे पुढची टोकं आवळतात.

एम ६ च्या आट्याला आधी ५ मिमीचं भोक. आटे एक मिलिमीटर अंतराचे, सहातून एक गेला, पाच. मोठ्या स्क्रूच्या आट्यांचं अंतर जास्त असतं, म्हणून हाच हिशोब एम ८ ला ६.८ आणि एम १० ला ८.५ देतो. सहाचा स्क्रू आहे म्हणून सहाचंच भोक पाडणारे दर बॅचमध्ये असतात, आणि मग टॅप नुसता गोल फिरतो.

बेंच ड्रिल असेल तर उत्तम. ५ मिमीच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटाला एमएसमध्ये मिनिटाला साधारण १६०० फेरे, १० मिमीला त्याच्या निम्मे. बिट जाड तेवढा वेग कमी. हँड ड्रिल पूर्ण दाबून १० चं बिट चालवलं की धूर, किंचाळी, आणि बिटाचा बाहेरचा कोपरा झिजून चकाकतो. तसं बिट परत धार लावल्याशिवाय वापरू नका. थेंब-थेंब तेल सोडत राहा. बिडाला (ओतीव लोखंडाला) मात्र तेल नको, ते कोरडंच ड्रिल करतात. बिटाच्या दोन्ही खाचांतून सारखे वेटोळे बाहेर आले पाहिजेत. एकाच खाचेतून येत असतील तर एक धार लांब झाली आहे आणि भोक मापापेक्षा मोठं पडतं आहे. पाचचं सव्वापाच झालं की आटे उथळ येतात.

जॉब हातात धरून ड्रिल करायचा नाही. बिट पलीकडे बाहेर पडताना माल पकडतं आणि जॉब पंख्याच्या पात्यासारखा फिरतो. ड्रिल व्हाइस टेबलाला बोल्टने आवळा, शेवटच्या मिलिमीटरला दाब कमी करा. ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत. ओढणी, सैल बाही, अंगठी, मनगटातला लाल दोरा, सगळं काढून ठेवा. चष्मा मात्र डोळ्यांवर हवाच.

आता टॅप. संचात तीन असतात. टोक सगळ्यांत जास्त निमुळतं तो पहिला. तेल लावून, भोकात उभा धरून दोन फेरे द्या, मग हँडल काढून गुण्या लावा, एकदा समोरून आणि एकदा बाजूने. इथे तिरका असेल तर सरळ करता येतो. चार फेऱ्यांनंतर सरळ करायला गेलात की तो मोडतो. पुढे अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे घेताना ‘कट्’ असा बारीक झटका हाताला जाणवतो. कीस तुटला. तो झटका न येता हँडल रबरासारखं पिळत असेल तर टॅप मोडायच्या बेतात आहे. थांबा, मागे काढा, कीस झाडा, तेल घाला. सॉफ्टवेअरवाला घाईचा माणूस आहे, त्याला मी हा झटका डोळे मिटून मोजायला लावला. तेव्हापासून त्याचा टॅप मोडलेला नाही.

तरी मोडलाच तर? लोखंडात मोडलेला टॅप घरी काढणं फार त्रासाचं, जबडा नव्याने करणं सोपं. जॉब पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा असेल तर किराणा दुकानातली तुरटी कामाला येते. काचेच्या भांड्यात तुरटीच्या दाट गरम पाण्यात जॉब बुडवून ठेवा आणि पाणी गरम राहील असं बघा. साध्या कार्बन स्टीलचा टॅप हळूहळू विरघळतो, पितळ तसंच राहतं. घाई चालत नाही, तासन् तास लागतात. लोखंडाच्या जॉबला हे करू नका, टॅपबरोबर जॉबही जाईल.

ग्राइंडर

क्लॅम्पला ग्राइंडर लागत नाही. तरी दर वेळी कोणीतरी विचारतं, म्हणून सांगतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो. चार इंची डिस्कवर कमाल वेग १५,२०० च्या आसपास छापलेला असतो, पाच इंचीवर १२,२००. वेगाचा आकडा बसतो म्हणून पाच इंची डिस्क लावायला गार्ड (डिस्कवरचं संरक्षक झाकण) काढणारी माणसं मी पाहिली आहेत. गार्ड काढायचा नाही. डिस्कच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर मुदत छापलेली असते, ती उलटलेली डिस्क फेकून द्या. लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला कधीही लावू नका. बेंच ग्राइंडरच्या दगडावर ॲल्युमिनियम घासू नका, ते दगडाच्या छिद्रांत भरतं, दगड तापतो आणि फुटू शकतो. आणि जस्त चढवलेला पाइप तापवू किंवा वेल्ड करू नका. त्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो.

जोडणी

जबड्यांची पुढची टोकं बाहेरच्या बाजूने पंचवीस मिलिमीटर लांबीपर्यंत उतरती करा, म्हणजे अडचणीच्या जागी शिरतात. आतली बाजू, जी पकडते, तिला कानस लावू नका, ब्राइट बारची ती सपाटीच इथे हवी आहे. सगळ्या कडांची धार स्मूथ कानशीने एकदा मोडा. मागच्या स्क्रूचं टोक कानशीने गोलसर करा, मग तो खळग्यात नीट फिरतो.

एमएसच्या जबड्यांना लाल करून पाणी देऊ का, म्हणजे एकदम पाण्यात बुडवून कडक करू का, असं विचारतात. नका देऊ. त्यात कार्बन इतका कमी असतो की पाणी दिल्याने कडक होत नाही, फक्त काळे पडतात आणि वाकतात. पाणी द्यायची हौस असेल तर मोडक्या कानशीच्या तुकड्याचा स्क्राइबर करा. आधी लाल करून राखेत सावकाश थंड करा, मग घडवा. पुन्हा लाल करा, चुंबक चिकटायचं थांबलं की त्याहून थोडं जास्त तापवा आणि पाण्यात बुडवा. मग टोक पॉलिश पेपरने चमकवून मागून हळू तापवा आणि फिक्कट पिवळा रंग टोकाशी आला की थंड करा. निळ्यापर्यंत गेलं तर टोक मऊ झालं, परत पहिल्यापासून.

क्लॅम्प वापरताना आधी मधला स्क्रू फिरवून जबडे जॉबच्या जाडीला समांतर आणा, मग मागच्याने आवळा. उलट केलंत तर पकड एका टोकालाच येते. तपासायला कागदाच्या दोन पट्ट्या घ्या. जबड्यांत एखादा सपाट तुकडा धरा, एक पट्टी अगदी टोकाशी, दुसरी मधल्या स्क्रूजवळ. आवळून दोन्ही ओढा. दोन्ही सारख्याच अडल्या तर जबडे समांतर आहेत. टोकाची सुटली तर मधला स्क्रू पाव फेरा सैल करून मागचा पुन्हा आवळा. आतली सुटली तर मधला थोडा आवळा. पाव फेऱ्यांनीही जमत नसेल तर मोकळं भोक आखडलं आहे, ते ६.५ चं ६.८ करा.

क्लॅम्प जोडीने वापरायची वस्तू आहे. पत्र्याचे दोन तुकडे एकाच क्लॅम्पने धरले की ते त्याच्याभोवती फिरतात. म्हणून ब्राइट बार आणायला गेलात की दुसऱ्या क्लॅम्पपुरताही घेऊन या.